हजारावर राहिलेलं शटर

फोटोग्राफीत मी आयुष्यभर दोनच आकडे पाळले. कुस्तीला हजार आणि गाण्याला तीस.

हजार म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. भर उन्हात पैलवानानं दुसऱ्याला उचलून फेकलं, की शटर तेवढ्याच वेळापुरतं उघडायचं. मग आखाड्यातली उडालेली तांबडी माती कणाकणानं हवेत थांबलेली दिसते. तीस म्हणजे तिसावा भाग. गाणारा माणूस एका जागी बसलेला असतो, उजेड बेताचा असतो, म्हणून शटर जरा निवांत उघडं ठेवायचं. हात थोडा हलला तर गवयाचा पंजा धुरकट येतो, पण चेहरा मिळतो. एवढं साधं गणित. तरी एका संध्याकाळी माझ्याकडून त्याची गल्लत झाली आणि तिची भरपाई करायची संधी त्रेपन्न वर्षांनी आली.

मी सुकुमार मगदूम. मिरजेत 'मगदूम फोटो' हे दुकान चाळीस वर्षं चालवलं. आता त्या जागी ड्रोन दुरुस्त करून मिळतात. वय एकोणऐंशी, डोळे शाबूत, गुडघे गेलेले. माझी बायको त्रिशला माझ्याहून दोन वर्षांनी लहान. वीस वर्षांपूर्वी घशाच्या कर्करोगात तिचं स्वरयंत्र काढावं लागलं. तेव्हापासून ती पाटीवर लिहून बोलते, आणि खरं सांगायचं तर पूर्वीपेक्षा जास्त बोलते.

गेल्या दिवाळीनंतर ईश्वरी आमच्याकडं आली. ती त्रिशलाच्या बहिणीची नात. पुण्यात एका प्रयोगशाळेत आहे. येताना तिनं आजीसाठी गळ्याला चिकटवायची बोलकी पट्टी आणली होती. ओठ हलवले की पट्टी बोलते. त्रिशलानं ती लावली, 'चहा घेणार का' म्हणून ओठ हलवले, खोलीत एक गोड आवाज उमटला. तिनं लगेच पट्टी काढून पाटी ओढली आणि लिहिलं, 'ही बाई कोण?'

ईश्वरी खूप हसली. मग माझ्याकडं वळली.

"आजोबा, तुमचे वाया गेलेले रोल पाहिजेत."

"चांगले बघ की. कपाट भरून आहेत."

"चांगल्या फोटोग्राफरांचे चांगले रोल गेलं वर्षभर बघतोय आम्ही. सगळे मुके निघाले."

फोटो मुकाच असतो, तो काय बोलणार, असं मी म्हणालो. तेव्हा तिनं मला माझाच धंदा नव्यानं शिकवला.

जुन्या कॅमेऱ्यात फिल्मपुढं कापडाचे दोन पडदे असतात. बटण दाबलं की पहिला पडदा सरकून फिल्म उघडी करतो, दुसरा मागून येऊन झाकतो. शटर फार वेगात लावलं, तर पहिला पूर्ण सरकायच्या आतच दुसरा त्याच्या पाठोपाठ निघतो. दोघांच्या मधे फक्त एक बारीक फट उरते आणि ती फट फिल्मवरून धावत जाते. म्हणजे हजारावर काढलेला फोटो एकदम उमटतच नाही. त्याच्या एका कडेवरचा क्षण आधीचा असतो, दुसऱ्या कडेवरचा नंतरचा. दोन्हींत साधारण सेकंदाच्या साठाव्या भागाचं अंतर पडतं. हे मला ठाऊक होतं. त्यातून काय निघतं, हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं.

"आवाज झाला की आसपासचं सगळं थरथरतं," ईश्वरी म्हणाली. "कागद, तार, झाडाचं पान. डोळ्याला दिसत नाही एवढं. पण फट धावत असते तेव्हा ती थरथर ओळीनं टिपत जाते. आमचं यंत्र निगेटिव्हमधला चांदीचा कण न् कण मोजतं. एका कागदाची कड बघून काही कळत नाही, हजार कडा एकत्र बघितल्या की थरथर वर येते. आणि थरथर मिळाली की आवाज मिळाला."

"साठाव्या भागाचा?"

"साठाव्या भागाचा. पण खरा."

अडचण एवढीच होती, की फ्लॅशच्या फोटोला पूर्ण पडदा उघडा लागतो, तिथं फट नसते. तीसवरच्या फोटोत तेवढ्या वेळात तार सात-आठ वेळा इकडून तिकडं जाऊन येते आणि सगळं पुसून टाकते. हवा होता हजारावर काढलेला गाण्याचा फोटो. असला फोटो काढणारा गाढव कुठं मिळणार, असं ईश्वरीनं विचारलं. म्हणजे शब्द तिचे सौम्य होते, अर्थ हाच होता.

त्रिशलानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि पाटीवर लिहिलं, 'माळ्यावर. बिस्किटांचा निळा डबा.'

तो डबा मी लपवून ठेवलाय, असं मी त्रेपन्न वर्षं समजत होतो.

त्या संध्याकाळची हकिगत सांगायला हवी. माघाचा महिना होता, शेजारच्या गावची जत्रा होती. दुपारी कुस्त्यांचं मैदान आणि दिवेलागणीला देवळाच्या मंडपात गाणं, अशी आमच्या भागातली पद्धत. गाणार होती त्रिशला. चोवीस वर्षांची होती, नऊ वर्षं बुवांकडं शिकत होती, आणि लोकांपुढं बसायची परवानगी पहिल्यांदाच मिळाली होती.

बुवा कडक. शिष्याचा आवाज टेपवर घ्यायचा नाही, हा त्यांचा दंडक. 'आवाज डब्यात कोंडला की नासतो,' म्हणायचे. फोटोला मात्र त्यांची हरकत नव्हती. 'फोटोला तोंड नसतं. काढा खुशाल,' असं मला म्हणाले. शिष्यानं पहिल्या बैठकीला बुवांचाच तंबोरा घ्यायचा आणि त्याच्या सूर लावायच्या खुंटीला किंवा मण्याला बुवांशिवाय कुणी हात लावायचा नाही, हाही दंडकच. तंबोरा खोटं बोलत नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य. तो तंबोरा घेऊन त्यांची दुसरी एक शिष्या त्रिशलाच्या मागं बसली. पाठीमागं जत्रेवाल्यांनी चंदेरी कागदाच्या झिरमिळ्या सोडल्या होत्या. मंडपात उजेड कमी म्हणून मी मांडववाल्याकडून हॅलोजनचा दिवा मागून आणला, त्रिशलाच्या पाठीकडं एका कडेला लावला आणि कॅमेरा उभा धरून कामाला लागलो.

तिनं आलापी सुरू केली. तबला अजून लागायचा होता. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण तिच्याकडं बघून मला आपण मोठे भाग्यवान आहोत असं वाटत होतं, एवढं आठवतं. पंधरा मिनिटं झाली असतील. पुढं बसलेल्या बुवांच्या कपाळावर आठी पडली. मग दुसरी. विसाव्या मिनिटाला ते उठले, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "षड्ज सुटला," आणि चपला घालून निघून गेले.

गवयाला याहून वाईट काही ऐकवता येत नाही. षड्ज म्हणजे त्याचं घर. लोक बुवांच्या मागोमाग उठले. त्रिशलानं तंबोऱ्याला नमस्कार केला आणि पुन्हा कधी तोंडातून सूर काढला नाही. मुलांना झोपवतानासुद्धा नाही. मी तिला शंभर वेळा सांगितलं, की छान झालं होतं. "तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" एवढंच ती म्हणायची, आणि खोटं काय होतं त्यात!

दुसऱ्या दिवशी रोल धुतला तर छत्तीसच्या छत्तीस निगेटिव्ह जवळजवळ कोऱ्या. दुपारी मैदानात शटर हजारावर नेलं होतं, संध्याकाळी तीसवर आणायला विसरलो. तिच्या एकुलत्या एका बैठकीचा एकही फोटो नाही. मी तो रोल डब्यात टाकला आणि डबा माळ्यावर.

आता त्रिशला डबा मांडीवर घेऊन बसली होती. तिनं ईश्वरीपुढं पाटी धरली. 'षड्ज सुटला होता का, ते कळेल?'

ईश्वरी म्हणाली, "तंबोऱ्याची तार आणि तुमचा आवाज एकाच फोटोत आहेत, आजी. ताडून बघता येईल. पण आजी, सुटला असेल तर तेही कळेल."

"कशाला पाहिजे ते?" मी म्हणालो. "गेलं ते गेलं."

त्रिशलानं पाटी पुसली. खडू दाबून लिहिलं, 'बुवा गेले. मीही जाईन. कळू दे.'

मी रोल आणि माझा जुना कॅमेरा घेऊन ईश्वरीबरोबर पुण्याला गेलो. कॅमेरा तिला पडद्यांचा वेग मोजायला हवा होता. त्यासाठी तिनं नवा रोल भरला, सात-आठ फोटो काढले आणि कॅमेरा तसाच मला परत दिला. यंत्राला माझा रोल वाचायला दोन दिवस लागले.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला भिंतीएवढ्या पडद्यासमोर बसवलं. आधी काळोख. मग त्या काळोखातून, भांड्यातल्या औषधात कागदावर फोटो उगवायचा तशी, त्रिशला उगवली. नाकात चमकी, डावा हात कानाशी, डोळे मिटलेले. माझे डोळे भरून आले. त्रेपन्न वर्षं हा चेहरा माझ्याच माळ्यावर होता.

"आता तारा बघा," ईश्वरी म्हणाली आणि चित्र मोठं करत गेली. तंबोऱ्याच्या तारा मला माहीत होत्या तशा सरळ होत्या. अजून मोठं केलं. अजून. आणि तार वाकली. एकदा इकडं, एकदा तिकडं, वरपासून खालपर्यंत, तळ्यात खडा टाकल्यावर उठतात तशा बारीक लाटा.

"ही तार एका क्षणी अशी वाकडी नव्हती," ती म्हणाली. "वरचं टोक आधीचं, खालचं नंतरचं. तुम्ही कॅमेरा उभा धरला होता, म्हणून फट तारेच्या लांबीनं धावत गेली आणि तिचं हलणं लिहीत गेली. हा आवाजच आहे, आजोबा. तुम्ही डोळ्यांनी बघताय."

मी उठून पडद्याजवळ गेलो आणि त्या लाटेवरून बोट फिरवलं. जन्मभर मी हलणारं जग थांबवत आलो, निदान माझी तशी समजूत होती. ते थांबलं नव्हतं. माझ्या प्रत्येक फोटोच्या आत ते साठाव्या भागापुरतं चालतच राहिलं होतं आणि मला पत्ता नव्हता.

"आणि आजी?"

"आजी झिरमिळ्यांत आहेत."

तिनं आधी तो तुकडा जसाच्या तसा ऐकवला. टिक् एवढंच झालं, नखावर नख वाजावं तसं. "यात आवाजाची तीन-साडेतीन आवर्तनं आहेत," ती म्हणाली. "एकापुढं एक तीच जोडली, की सूर उभा राहतो. नवं काही घालत नाही." तिनं कळ दाबली.

दार लोटलेलं असावं आणि पलीकडच्या खोलीत कुणी आकार लावलेला असावा, तसा आवाज आला. थोडा दबलेला, किनारी झिजलेल्या. पण ती त्रिशला होती. वीस वर्षांत मी तिचा आवाज विसरलो होतो, हे मला तो ऐकल्यावर कळलं. मी खुर्चीत बसून लहान मुलासारखा रडलो आणि ईश्वरीनं मला रडू दिलं.

मग तिनं छत्तीसही फोटो ओळीनं लावले. प्रत्येकाखाली दोन रेघा होत्या, निळी तारेची आणि लाल त्रिशलाच्या सुरावरून काढलेल्या षड्जाची. पहिल्या फोटोत दोन्ही एकमेकींवर बसलेल्या. दहाव्यापर्यंत तशाच. बाराव्यापासून त्यांच्यात फट पडायला लागली आणि शेवटच्या फोटोत चांगली बोटभर झाली.

"सुटला म्हणायचा," मी म्हणालो.

"नीट बघा की. लाल रेघ कुठं गेलीय?"

लाल रेघ कुठंच गेली नव्हती. पहिल्या फोटोत जिथं होती तिथंच छत्तिसाव्यात होती, केसभरही हललेली नाही. खाली उतरली होती ती निळी.

"आजी जागेवर आहेत. तंबोरा सुटलाय," ईश्वरी म्हणाली. "तंबोरा उतरत असताना, आणि त्याला हात लावायची सोय नसताना, दहा मिनिटं षड्ज असा धरून ठेवायचा! माणसाला जमतं हे?"

बुवांच्या तंबोऱ्यावर संशय घ्यायचं त्या मंडपात कुणाच्या मनात आलं नव्हतं. बुवांच्याही नाही, आणि त्रिशलाच्या तर नाहीच.

"पण तार एवढी उतरली कशी?" ईश्वरी स्वतःशीच म्हणाली. "तापली तर उतरते. माघाच्या थंडीत कशानं तापणार?"

मी चित्रांकडं पाहत होतो. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर एक पांढरा ठिपका होता. पहिल्या अकरा फोटोंत तो वाटाण्याएवढा होता. बाराव्यात लिंबाएवढा झाला. तो ठिपका मला ओळखू आला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. उजेड पुरत नाही असं वाटून मी दहा मिनिटांनी हॅलोजन जवळ सरकवला होता, तंबोऱ्यापासून हातभर अंतरावर. कॅमेऱ्यातला काटा उजेड कमी दाखवत होता तो शटर हजारावर होतं म्हणून; तेवढं एक सोडलं, तर मला सगळं दिसत होतं.

ईश्वरीलाही ते दिसलं असावं.

ईश्वरीबरोबर परतताना वाटेत मी स्वतःला बरंच समजावलं. तिला निकाल हवा होता, तो तिच्या बाजूनं लागला आहे. दिव्याचं सांगून कुणाचं भलं होणार? कराडपर्यंत हे पटत होतं. मिरज आलं तेव्हा पटेनासं झालं.

दुपारी त्रिशला पलंगावर बसली आणि ईश्वरीनं तिच्यापुढं आवाज ऐकवायची छोटी डबी ठेवली. आकार सुरू झाला. त्रिशलानं डोळे मिटले. तिचा डावा हात आपोआप वर गेला आणि कानाशी थांबला. मग ईश्वरीनं दोन रेघांची चित्रं दाखवली, लाल रेघ कुठंही हललेली नाही हे दाखवलं. त्रिशला त्या रेघेकडं बघत राहिली. गळ्यावरच्या रुमालावर तिनं दोन बोटं ठेवली होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

"आजी, मधल्या जागा यंत्र भरून देईल," ईश्वरी हळूच म्हणाली. "वीस मिनिटांची अख्खी आलापी उभी करता येते."

त्रिशलानं मान हलवली. लिहिलं, 'नको. उरलेलं मला पाठ आहे.'

मग मी सांगितलं. दिवा, बारावा फोटो, हातभर अंतर. सांगताना मी तिच्याकडं पाहू शकलो नाही. "तुझं गाणं मी घालवलं, त्रिशला. बुवांनी नाही. मी."

खडूचा आवाज आला. मी मान वर केली.

'पाठीला ऊब लागत होती. मला वाटलं, आज गाणं लागलंय.'

तिनं ते मला वाचू दिलं, पाटी पुसली आणि आत निघून गेली.

त्यानंतर चार दिवस तिनं माझ्यासाठी पाटीवर एक अक्षर लिहिलं नाही. चहा मिळत होता, जेवण मिळत होतं. सतारमेकर गल्लीतला एक जण येऊन गेला, तिच्याशी खुणांनी बोलला आणि कोपऱ्यात गवसणीत उभा असलेला तिचा स्वतःचा तंबोरा घेऊन गेला. कशाला नेला ते विचारायचा मला हक्क नव्हता.

पाचव्या दिवशी सकाळी आतून टाळी वाजली. ती मला हाक मारताना टाळी वाजवते. मी गेलो. नव्या तारा लावलेला तंबोरा तिच्या मांडीवर होता आणि डबीतून तिचा चोविसाव्या वर्षीचा षड्ज येत होता. ती एक तार छेडायची, ऐकायची, मणी तांदळाच्या दाण्याएवढा सरकवायची, पुन्हा छेडायची. शेवटी दोन्ही सूर असे मिसळले, की डबी कुठली आणि तंबोरा कुठला हे मलासुद्धा, माझ्यासारख्या दगडालासुद्धा, सांगता येईना. मग तिनं डबी बंद केली. खोली तशीच भरलेली राहिली. मी दाराशी उभा होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा सूर जुळणं म्हणजे काय ते मला कळलं.

तिनं कपाटाकडं बोट केलं. तिथं माझा कॅमेरा होता, ईश्वरीनं भरलेला रोल अजून त्यात होता. मी तो काढला, उभा धरला, डोळ्याला लावला. ती खिडकीजवळ बसली होती, तरी सकाळचा उजेड मला कमी वाटला. सवयीनं माझा अंगठा शटरच्या चकतीकडं गेला आणि दुसरा हात भिंतीवरच्या बटणाकडं.

जोरात टाळी वाजली. त्रिशलानं पाटी उचलून माझ्यापुढं धरली. ती बहुधा मी यायच्या आधीच लिहून तयार होती.

'हजारावरच काढा. आणि दिवा लावू नका.'